शिडी, पत्रा आणि स्लॅबमधली भोकं: उंचीवरच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा, तळोजा आणि वागळे इस्टेट इथल्या छोट्या-मध्यम कारखान्यांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. पावसाआधी पत्रे बघायचे असतात, पन्हळी साफ करायच्या असतात आणि त्यासाठी कुणीतरी वर चढणार असतं. सुपरवायझर, मेंटेनन्सवाले, ठेकेदार आणि हल्ली सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सेफ्टी ऑफिसरच्या खुर्चीतून दिली आहेत, वकिलाच्या नव्हे.

किती उंचीपासून ‘उंचीवरचं काम’ धरायचं?

आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या १.८ मीटर म्हणजे ६ फूट धरतात, काही जण २ मीटर. अमेरिकी कंपन्यांच्या इथल्या प्लांटमध्ये ४ फुटांचा आकडाही ऐकू येतो, कारण तिकडच्या ‘ओशा’च्या (कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या) नियमांत कारखान्यांसाठी ४ फूट आणि बांधकामासाठी ६ फूट अशी विभागणी आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात मात्र उंचीचा आकडाच नव्हता. जिथून माणूस पडण्याची शक्यता आहे तिथे कुंपण घालून किंवा अन्य प्रकारे त्याची सोय करा, एवढंच कलम ३२ सांगत होतं. माझ्या मते हीच व्याख्या जास्त कामाची. तीन फुटांच्या ओट्यावर उभ्या माणसाच्या खाली सळयांची टोकं वर आलेली असतील किंवा उघडी पिकलिंगची (आम्लाची) टाकी असेल, तर ते उंचीवरचंच काम. तिथे टेप लावून फूट मोजत बसू नका.

आता फॅक्टरी ॲक्ट लागू आहे की नवी संहिता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. आपल्या विषयाची संहिता म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०. कारखाने अधिनियम आणि १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. जुन्या कायद्यांखालचे नियम नव्याशी विसंगत नसतील तिथपर्यंत चालू राहण्याची तरतूद आहे. त्यामुळे ‘जुना कायदा गेला, नवे नियम यायचेत, तोवर मोकळीक’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. जमिनीतला खड्डा, टाकी किंवा फरशीतलं भोक भक्कम झाका किंवा त्याला कुंपण घाला, हे जुनं कलम ३३ आजही तुमच्या शॉप फ्लोअरवर तितकंच खरं आहे.

दंडाचे आकडे मालकांना ऐकायचे असतात, म्हणून सांगतो. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर नव्या संहितेत २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर १ वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातला निदान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहेच. त्यात कैद ५ वर्षांपर्यंत जाते.

आम्ही सगळ्यांना बेल्ट दिलेत. अजून काय हवं?

बरंच काही. खरं तर बेल्ट सगळ्यात शेवटी यायला हवा.

आधी बघायचं की वर चढल्याशिवाय काम होतंय का. दिवा बदलायचा असेल तर तो खाली उतरवता येईल अशी सोय करता येते. पन्हळ साफ करायला सिझर लिफ्ट किंवा बूम लिफ्ट भाड्याने मिळते. चढावंच लागणार असेल तर पडायची जागाच बंद करा: भोकावर झाकण, कडेला रेलिंग, पत्र्याखाली जाळी. हे सगळं करूनही धोका उरला तरच बेल्ट.

हा क्रम का, ते रोजच्या कामात दिसतं. रेलिंग एकदा लावलं की तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचवतं, मग त्याचं ट्रेनिंग झालेलं असो की तो पाणी द्यायला वर आलेला पोऱ्या असो. बेल्ट मात्र ज्याने घातला, नीट आवळला, हूक योग्य ठिकाणी अडकवला आणि जागा बदलताना पुन्हा अडकवला, त्यालाच वाचवतो. एवढ्या सगळ्या अटी दिवसभर, मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यावर पाळल्या जातील यावर माझा विश्वास नाही. आपल्याकडे मात्र गणित उलटं चालतं: बेल्ट विकत घेतले, रजिस्टरवर सह्या घेतल्या, फाईल बंद.

स्लॅबमधल्या भोकावर प्लाय टाकलाय. चालेल?

नुसता टाकलेला असेल तर चालणार नाही. उघड्या भोकापेक्षा तो जास्त घातक ठरू शकतो.

असे अपघात कसे होतात बघा. स्लॅबमध्ये डक्टसाठी दोन फूट बाय तीन फूट कटआउट सोडलेला असतो. कुणीतरी त्यावर प्लायचा तुकडा टाकतो. चार दिवसांनी दुसरा कामगार तिथे येतो. त्याला प्लाय हवा असतो किंवा जागा साफ करायची असते. तो वाकतो, दोन्ही हातांनी प्लाय छातीपर्यंत उचलतो आणि तसाच पुढे पाऊल टाकतो. पायाखाली काय आहे ते प्लायमुळेच त्याला दिसत नाही, आणि ते पहिलंच पाऊल भोकात पडतं. त्या माणसाला बेफिकीर म्हणता येणार नाही. तो तर साफसफाई करत होता.

म्हणून झाकणाकडून चार गोष्टी हव्यात. त्यावर येईल त्या वजनाच्या दुप्पट भार त्याने पेलला पाहिजे, आणि हातगाडी किंवा पॅलेट ट्रक जाणार असेल तर तो हिशेब धरून. ते खिळे, बोल्ट किंवा अँगलने जागेवर पक्कं केलेलं हवं, उचलून नेता येता कामा नये. भोकाच्या चारही बाजूंना ते पुरेसं पुढे आलेलं हवं. आणि त्यावर ठळक रंगात लिहिलेलं हवं: ‘खाली भोक आहे, उचलू नका’. हे मराठीत लिहा, हिंदीतही लिहा. इंग्रजीतली सूचना साइटवर बहुतेक जण वाचत नाहीत.

मोठ्या भोकांना, म्हणजे लिफ्टची डक्ट, जिन्याची मोकळी जागा, मटेरियल होइस्टची जागा यांना, झाकणापेक्षा रेलिंग बरं. काम करायला झाकण किंवा रेलिंग काढावं लागलं तर तेवढा वेळ तिथे माणूस उभा करा. जेवणाची सुट्टी झाली तरी तो हलणार नाही. दुपारी एक ते दोन या वेळात उघडी राहिलेली भोकं मी फार पाहिली आहेत.

रेलिंग किती उंच हवं?

कमरेच्या वर, साधारण १ ते १.१ मीटर. मध्ये एक आडवी नळी आणि खाली पायपट्टी, म्हणजे हातोडा-पाना घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडत नाही. पट्ट्यापट्ट्यांची लाल-पांढरी रिबन रेलिंगमध्ये धरली जात नाही. रिबन फक्त सांगते. रेलिंगने अडवलं पाहिजे: त्यावर माणूस अंग टाकून आदळला तरी ते टिकलं पाहिजे. ओशाच्या नियमांत यासाठी २०० पौंडांचा म्हणजे सुमारे ९० किलोंचा जोर धरला आहे. भारतीय मानक बघायचं असेल तर जमिनीतली आणि भिंतीतली भोकं, रेलिंग आणि पायपट्टी यांसाठी आयएस ४९१२ आहे.

शेडच्या पत्र्यावर चढायला एवढी भीती का? पत्रेवाले तर रोज चढतात.

कारण पत्रा ही जमीन नाही, आणि वरून बघताना ती जमीनच वाटते.

आपल्या पट्ट्यातल्या जुन्या शेड पाहा. सिमेंटचे पत्रे, मध्ये मध्ये उजेडासाठी पारदर्शक फायबरचे पत्रे, रिजवर (छताच्या माथ्यावर) फिरते टर्बो व्हेंटिलेटर. सिमेंटचा पत्रा जुना होतो तसा ठिसूळ होतो. त्याला केसासारख्या भेगा असतात आणि त्या शेवाळाखाली झाकलेल्या असतात. तो वाकत नाही, आवाजाने इशाराही देत नाही, एकदम तुटतो. फायबरचा पत्रा उन्हाने वर्षानुवर्षं तापून कडक आणि ठिसूळ झालेला असतो. त्यावर धूळ बसली, किंवा गळती थांबवायला कुणी वरून डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा रंग मारला, की तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. खालून शॉपमध्ये उभं राहिलं तर उजेडाच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. वर उभ्या माणसाला सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं.

५ मीटर उंचीवरून माणूस साधारण १ सेकंदात खाली येतो आणि ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. खाली प्रेस असेल, लेथ असेल, तर पुढचं सांगायला नको. अमेरिकेत छतावरचा स्कायलाइट भोकच समजला जातो. वर पारदर्शक पत्रा आहे म्हणून झाकलेला धरत नाहीत. आपणही तसंच धरावं.

बोल्टच्या रेषेवरून चाललं तर चालतं ना? खाली पर्लिन असते.

हा सल्ला प्रत्येक मुकादम देतो. बोल्टच्या रेषेखाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी लोखंडी पट्टी, असते हे खरं आहे. पण ती पट्टी दोन-अडीच इंचांची, पत्रा उताराचा, हातात सामान आणि वारा. एक पाय चुकला की तो थेट पत्र्याच्या मधोमध. शिवाय जुन्या शेडमध्ये गंजलेल्या बोल्टच्या जागी भलतीकडे नवीन बोल्ट मारलेले असतात, त्यामुळे रेषाही विश्वासाची राहत नाही.

योग्य पद्धत म्हणजे क्रॉलिंग बोर्ड किंवा छतशिडी: रुंद, आडव्या पट्ट्या मारलेली फळी, जी निदान दोन-तीन पर्लिनवर टेकते आणि रिजला अडकवून पक्की केलेली असते. दोन फळ्या हव्यात. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी असली की ती सरकवताना माणूस पत्र्यावर उतरतोच.

पत्रा बदलायचं काम खालून करता येतं का?

बऱ्याचदा येतं, आणि करावंच. फायबरचे पत्रे बदलायला खालून सिझर लिफ्ट लावता येते. खालची मशिनं हलवायची नसतील तर ट्रसला सेफ्टी नेट बांधून घ्या. नेटला कुणाच्या शिस्तीची गरज लागत नाही. नेट नीट बांधलं असेल तर हूक विसरलेल्यालाही ते झेलतं.

जुना सिमेंटचा पत्रा उतरवताना आणखी एक गोष्ट. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. फोडून खाली टाकू नका, कटर लावू नका. ओला करून अखंड उतरवा आणि मास्क लावा.

गळतीचं काम कधी करावं?

मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी सात ते दहा-साडेदहा. मे महिन्यात पत्र्यावर दुपारी चक्कर येते. जूनच्या पहिल्या सरीनंतर ओल्या लोखंडी पत्र्यावर बूटही धरत नाही. ‘पाऊस थांबलाय, पटकन एक ताडपत्री टाकून ये’ हे वाक्य तुमच्या कंपनीत कुणाच्याही तोंडी येता कामा नये. सुटलेली ताडपत्री वाऱ्यात माणसाला ओढून नेते. गळत असेल तर खाली बादली ठेवा, मशिनवर प्लास्टिक टाका, उघडीप मिळाली की बघू.

सोलर पॅनल बसवणारे आमच्या छतावर दिवसभर फिरतात. ते तर एक्स्पर्ट आहेत?

विजेच्या कामातले असतील. तुमच्या पत्र्याची ताकद त्यांना माहीत नसते, ती तुम्हीच सांगायची. फायबरचे पत्रे कुठे आहेत त्याचा नकाशा द्या. ते पत्रे आधी जाळीने बंद करा. ये-जा करायची वाट फळ्यांनी आखून द्या. पॅनल धुवायला पुढे दर काही दिवसांनी माणूस वर जाणारच आहे, म्हणून कायमचा वॉकवे आणि लाइफलाइन (हूक अडकवायची ताणलेली दोरी) त्याच कोटेशनमध्ये धरा. नंतर ती कुणी लावत नाही.

शिडी किती तिरकी लावायची?

४ ला १. शिडीचं वरचं टोक ४ मीटरवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून १ मीटर बाहेर. साधा ताळा: शिडीच्या पायांना बूट टेकवून ताठ उभे राहा, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा. तळवा पायरीला लागला तर कोन बरोबर.

माळ्यावर किंवा छतावर उतरायचं असेल तर शिडी उतरण्याच्या जागेच्या वर निदान १ मीटर गेली पाहिजे. नाहीतर उतरताना धरायला काहीच उरत नाही, आणि शिडीवरून छतावर पाय टाकायचा क्षण सगळ्यात नाजूक असतो. वरचं टोक बांधा. बांधायला जो पहिल्यांदा चढेल त्याच्यासाठी खाली एक माणूस शिडी धरून उभा राहील. त्याने शिडीकडे बघायचं, फोनकडे नाही.

चढताना तीन जागी पकड हवी: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. म्हणजेच हातात ड्रिल घेऊन चढायचं नाही. हत्यारं पिशवीत घालून दोरीने वर ओढा.

शिडीवर उभं राहून काम करता येतं का?

थोडा वेळ, हलकं काम आणि एक हात मोकळा राहत असेल तर येतं. एक बल्ब बदलणं ठीक. भिंतीत होल मारणं, पाइप ओढणं, वेल्डिंग यांना परांची किंवा मोबाइल प्लॅटफॉर्म लावा. बाजूला वाकावं लागलं तर समजा शिडी चुकीच्या जागी आहे. पोट दोन दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे.

घोडा (दोन्ही बाजूंना उघडणारी शिडी) मिटवून भिंतीला टेकवला तर?

नको. घोडा उघडूनच वापरायचा, मधला कुलपी पट्टा पूर्ण ताणून. वरच्या टोपीवर बसायचं किंवा उभं राहायचं नाही. आणि घोड्यावर बसून तो पायाने ढकलत पुढे सरकवणारे रंगारी सगळीकडे आहेत, तेही बंद करा.

बांबूची, लाकडाची की ॲल्युमिनियमची शिडी?

विजेच्या जवळ ॲल्युमिनियम अजिबात नको, तिथे फायबरग्लासची घ्या. लांब शिडी उभी करताना वर बघा. गल्लीतून जाणाऱ्या तारा शेडच्या कडेपासून वाटतात तितक्या लांब नसतात. ओशाच्या नियमांत ५० केव्हीपर्यंतच्या तारांपासून १० फूट म्हणजे ३ मीटर अंतर धरलं आहे, निदान तेवढं तरी राखा. त्याहून जवळ काम असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

लाकडी शिडी चालते, पण तिला रंग मारू नका. रंगाखाली भेगा दिसत नाहीत. पारदर्शक वॉर्निश चालेल. काथ्याने पायऱ्या बांधलेली बांबूची शिडी मी कारखान्याच्या गेटमधून आत घेत नाही, मग ठेकेदार कितीही जुना असो. मोडकी शिडी कोपऱ्यात उभी ठेवू नका, कापून भंगारात द्या. उभी राहिली की कुणीतरी वापरतोच.

भिंतीतल्या उभ्या लोखंडी शिडीला पिंजरा आहे. पुरे ना?

पिंजरा आधार वाटतो, पण पडणाऱ्याला थांबवत नाही. माणूस पिंजऱ्याच्या आतून खाली येतो आणि येताना कड्यांवर आपटतो. म्हणूनच अमेरिकेत १९ नोव्हेंबर २०१८ पासून बसवलेल्या २४ फुटांवरच्या स्थिर शिड्यांना पिंजरा पुरेसा मानत नाहीत. तिथे शिडीबरोबर वर जाणारी उभी लाइफलाइन आणि फॉल अरेस्टर किंवा तशीच व्यवस्था लागते. इथे नवीन शिडी करून घेत असाल तर हाच खर्च करा.

कमरेचा पट्टा चालतो का?

पडणं थांबवायला नाही. झटका पोटावर आणि कण्यावर येतो, माणूस मधून दुमडतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं रोखण्याच्या व्यवस्थेत त्याला बंदी आहे. आपल्याकडे आयएस ३५२१ प्रमाणे बनवलेला फुल बॉडी हार्नेस (खांदे आणि मांड्यांनाही धरणारा पट्टा) घ्या. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये डी-रिंग (दोरी जोडायची कडी) आणि शॉक ॲब्झॉर्बर असलेली दुहेरी दोरी, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो.

आमची शेड १५ फूट उंच आहे. बेल्ट लावला की माणूस सुरक्षित, बरोबर?

दुर्दैवाने नाही. हे गणित फार थोड्या ठिकाणी केलं जातं, म्हणून सविस्तर.

समजा दोरी १.८ मीटरची आहे आणि हूक पाठीच्या डी-रिंगच्या उंचीवर अडकवला आहे. पडल्यावर माणूस आधी १.८ मीटर मोकळाच खाली येतो. मग शॉक ॲब्झॉर्बरची घडी फाटत उघडते, ती जास्तीत जास्त १.७५ मीटर धरायची. डी-रिंगपासून पायांपर्यंत दीड मीटर. शिवाय १ मीटर शिलकी अंतर. बेरीज ६.०५ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट, आणि तीही हुकाच्या जागेपासून खाली मोजायची.

आता तुमची शेड १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर. वर उभ्या माणसाची डी-रिंग जमिनीपासून साधारण ६ मीटरवर येते. म्हणजे काठावरचं गणित. आणि व्यवहारात हूक डी-रिंगच्या उंचीवर असतोच कुठे? तो पायाशी, पर्लिनला किंवा बोल्टला अडकवलेला असतो. मग मोकळं पडणंच ३ मीटरच्या वर जातं, झटका दोरीच्या क्षमतेबाहेरचा होतो आणि माणूस थांबायच्या आधी जमिनीवर पोचलेला असतो. बेल्ट घालून, हूक लावून.

अशा कमी उंचीच्या शेडमध्ये दोन उपाय. दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. कडेपुरता हा उत्तम उपाय आहे, पायाखालच्या पत्र्याला मात्र तो लागू नाही. किंवा डोक्याच्या वर ताणलेल्या लाइफलाइनवर रिट्रॅक्टेबल ब्लॉक लावा. तो कारच्या सीट बेल्टसारखा झटक्यात पकडतो आणि माणूस फार खाली जात नाही.

हूक कशाला अडकवायचा?

इमारतीच्या मुख्य लोखंडाला: कॉलम, ट्रसची मुख्य नळी, किंवा त्यासाठीच बसवलेला अँकर. ओशाचा नियम एका माणसामागे ५,००० पौंड म्हणजे सुमारे सव्वादोन टन सांगतो. पाण्याची पाइपलाइन, केबल ट्रे, एसीचा ब्रॅकेट, रेलिंग, जे-बोल्ट यांतलं काहीही चालणार नाही. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारून अँकर ठरवा आणि पिवळा रंग मारून ठेवा. शिडीलाच हूक अडकवणारे भेटतात. शिडी पडली की दोघं बरोबर पडतात.

हार्नेस किती वर्षं चालतो?

बनवणाऱ्याने दिलेली मुदत बघा, पण त्याआधीही तो बाद होऊ शकतो. एकदा पडणं झेललेला हार्नेस आणि दोरी लगेच कापून टाका. रोज घालण्याआधी शिलाई, कापलेल्या कडा, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेले भाजके ठिपके आणि उडालेला रंग तपासा. पावणे, तळोज्याकडच्या केमिकल प्लांटसाठी एक जास्तीची सूचना: नायलॉनला आम्ल खातं आणि पॉलिएस्टरला तीव्र अल्कली. खरेदी करताना तुमच्याकडे काय सांडतं ते विक्रेत्याला सांगा.

माणूस बेल्टवर लटकला तर फायर ब्रिगेडला बोलवायचं?

बोलवा, पण त्यांची वाट बघत बसू नका. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्याच्या पायांत रक्त साचतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कसं घ्यायचं हे परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) काम सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं हवं: शिडी कुठली, लिफ्ट कुठली, कोण चढणार. लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा. हार्नेसला पायाची पट्टी असेल तर तिच्यात पाय टाकून उभं राहू द्या.

ठेकेदाराचा माणूस पडला तर जबाबदारी ठेकेदाराचीच ना? करारात तसं लिहिलंय.

करार तुमच्या दोघांतला. जुन्या कारखाने अधिनियमातली कामगाराची व्याख्या बघा: ठेकेदारामार्फत आलेला, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, तो कामगारच. नव्या संहितेतही हे ओझं ठेकेदाराच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येत नाही. पत्रा तुमचा, भोक तुमचं, वर जायची परवानगी तुमच्या गेटवर दिलेली. ठेकेदाराच्या माणसांना ईएसआय (कामगार विमा) आहे का हे काम सुरू होण्याआधी बघा. अपघातानंतर विम्याचं चलन शोधणं फार केविलवाणं दिसतं.

कामगार ‘मी चढणार नाही’ म्हणू शकतो का?

समोर गंभीर धोका दिसत असेल तर तो मालकाला, किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत, ते कळवू शकतो. त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाने लगेच उपाय करायचा आहे. हे संहितेत आहे. कागदाबाहेर मात्र रोजंदारीवरचा मुलगा मुकादमाला नाही म्हणत नाही. म्हणून ‘नाही’ म्हणायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. परमिट देणाऱ्याने वर जाऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम जास्त उपयोगी पडतो.

आमची ठाण्यातली सोसायटी आहे, कारखाना नाही. आम्हाला यातलं काय लागू?

पडणं सगळ्यांना सारखंच लागू. सोसायटीत तीन जागा बघा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बिजागरीचं आणि कुलपाचं हवं, नुसती फरशी टाकलेली नको. प्लंबिंगच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर लोखंडी जाळी हवी, कारण डक्टमधल्या पाइपांना धरून उतरणारे प्लंबर आजही आहेत. आणि एसीचा बाहेरचा युनिट: तो बसवणारा पोरगा बाराव्या मजल्यावर छज्ज्यावर उभा असतो आणि मालक खिडकीतून त्याचा शर्ट धरून असतो. हार्नेस आणि अँकर नसेल तर गेटवरूनच परत पाठवायचं, असा ठराव मीटिंगमध्ये करून घ्या. वॉचमनला तेवढा अधिकार द्या.

अपघात झाला तर कुणाला कळवायचं?

मृत्यू झाला, किंवा जखमी ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. मृत्यू झाला असेल तर पोलिसांनाही लगेच. जागा धुऊन पुसून ठेवू नका.

ट्रेनिंग कुठे मिळेल?

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे. ४ मार्च १९६६ ला ती स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन. तिथले कार्यक्रम चांगले असतात. पण सुपरवायझरला पाठवा, नुसतं एचआरला नको.

बजेट अगदी थोडं आहे. यंदा एकच गोष्ट करायची तर कोणती?

छतावर जाणाऱ्या शिडीला खालून सात-आठ फूट पत्र्याचं दार करून कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. खर्च एका वेल्डरच्या अर्ध्या दिवसाचा. थोडे पैसे उरले तर फायबरच्या पत्र्यांखाली पर्लिनला वेल्डमेश मारून घ्या. ते काम खालून, लिफ्टवरून होतं, आणि त्यासाठी शॉप एक रविवार बंद ठेवलं तरी पुरतं.